दोन कार्बोरेटर आणि एक पाना

आमच्या भाऊजींना आवळण्याचं व्यसन आहे. दारू, तंबाखू, पत्ते यांतलं काही नाही. माणूस निर्व्यसनी, आणि हे ते स्वतःच येता-जाता ऐकवतात. पण समोर नट दिसला, झाकण दिसलं, नळ दिसला की त्यांचा हात आपोआप उजवीकडे फिरतो. ताईच्या स्वयंपाकघरातली एकही बरणी पहिल्या झटक्यात उघडत नाही. नळ ते असा पिळून बंद करतात की आतला वायसर महिन्याभरात चेपतो, मग नळ गळायला लागतो, मग ते तो आणखी जोर लावून पिळतात. चष्म्याचा बारीक स्क्रू त्यांनी तीन वेळा मोडलाय. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं त्यांनी गळतीच्या तक्रारींच्या फायली सांभाळल्या, आणि एवढ्या वर्षांत एकाही गळक्या नळापाशी ते स्वतः फिरकले नाहीत. फायलीच्या दोऱ्या मात्र अशा बांधत की त्यांच्या जागी आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी कात्री मागवली.

ताईचं लग्न या गृहस्थांशी कसं झालं ते मला विचारू नका. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि माझं मत कुणी विचारलं नव्हतं. नोकरी कायमची होती आणि मुलगा शांत होता, एवढ्यावर सगळं जमलं. शांत होता हे खोटं नाही. काही ठरवायची वेळ आली की भाऊजी आजही शांतच होतात.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तिने अख्खी नोकरी काढली. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, मुलांनी हात भाजून घेतला की नळाखाली धरायचा. मुलं तिला नळीवाल्या बाई म्हणतात. तिचा हात इतका हलका की पातळ काचेची नळी कॉर्कात घालताना तिच्याकडून कधी फुटली नाही. असा हात असलेल्या बाईला असा नवरा मिळावा, याचा मला तीस वर्षं राग येतोय.

आता गाडीचं सांगतो. आमचे बाबा बसडेपोत फिटर होते. त्यांनी कुणाची तरी टाकून दिलेली, गोल नाकाची करड्या रंगाची गाडी आणली आणि दोन वर्षं खपून चालती केली. आता तिला लोक क्लासिक म्हणतात. तेव्हा ती नुसती जुनी होती. सुट्टीच्या सकाळी बाबा तिचा कार्बोरेटर काढून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवत. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनला पाजणारं ते मूठभर यंत्र. त्यातले जेट, म्हणजे बारीक भोकांचे पितळी स्क्रू, ताईच्या हातातल्या बशीत पडत. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. मी सात वर्षांचा, मला फक्त फडकं धरायला मिळायचं.

बाबांनी तिला दोन गोष्टी शिकवल्या, त्या मीही फडकं धरून ऐकल्या. पहिली, कार्बोरेटर उलटा धरायचा आणि पेट्रोलच्या नळीतून फुंकायचं. हवा अडली तर पेट्रोल थांबवणारी आतली निडल नीट बसते, हवा गेली तर यंत्र गळकं. दुसरी, तो इंजिनवर बसवताना दोन नट असतात, ते पान्याला दोनच बोटं लावून फिरवायचे, शेवटी पाव फेरा द्यायचा आणि ‘पुरे’ म्हणायचं. बाबा खरंच मोठ्याने म्हणायचे, पुरे. म्हटलं की हात थांबतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाबा गेले त्याला सव्वीस वर्षं झाली. जाताना गाडी त्यांनी ताईला दिली. मी तोवर कार्बोरेटर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, तरी मला नाही दिली, तिला दिली, आणि बरोबर केलं. कागदांवर तिचं नाव लागलं. किल्ली मात्र वर्षभरात भाऊजींच्या खिशात गेली. झालं काय, की ताईने बाजारात गाडी लावली असताना कुणीतरी बंपरला नखभर ओरखडा काढला. भाऊजींनी भिंग आणून तो पाहिला. रागावले नाहीत, ते रागावतही नाहीत. नुसतं म्हणाले, “जुनी वस्तू आहे. जपायला हवी.” त्यानंतर जपण्याचं काम त्यांच्याकडे गेलं आणि ताई शाळेत बसने जायला लागली.

जपणं म्हणजे काय, तर आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढायची, सायकलवाले मागे टाकून जातील अशा वेगाने गावाला एक वळसा घालायचा, परत आणून झाकायची. आणि झाकण्यापूर्वी बॉनेट उघडून बारा-तेराचा पाना घ्यायचा आणि कार्बोरेटरचे ते दोन नट आवळायचे. न चुकता, दर रविवारी. सैल झालेत का हे बघायला नाही. सैल होऊ नयेत म्हणून.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बोललो होतो. “भाऊजी, ते बसलेत. आता त्यांना हात लावू नका.” भाऊजींनी माझ्याकडे त्यांच्या खात्यात अर्जदाराकडे बघतात तसं पाहिलं. “तू स्कूटरवाला. मोटारीचं वेगळं असतं.” माझ्या दुकानात तेव्हा तीन मोटारींचे कार्बोरेटर उघडून पडले होते. पण मी ठरवलं, या माणसाला पुन्हा म्हणून काही सांगायचं नाही. मी दिलेला शब्द पाळतो, विशेषतः स्वतःला दिलेला.

दोन वर्षांपूर्वी ते ताईची छत्री परत न्यायला माझ्या दुकानाशी थांबले. इंजिन चालूच होतं. गाडी उभ्या जागी थरथरत होती, आवाज चढत होता, पडत होता, मध्येच घुसमटत होता. मी दारात छत्री हातात घेऊन उभा होतो आणि त्या सगळ्या गोंधळाखाली एक बारीक फुसफुस मला स्वच्छ ऐकू आली. कार्बोरेटरच्या बुडातून हवा आत ओढली जात होती. आवळून आवळून त्याचे कान, जिथे ते दोन नट बसतात, वाकवले होते या माणसाने. मला क्षणात कळलं.

“मिसिंग मारतेय जरा,” भाऊजी म्हणाले. हे ते मला सांगत होते असं नाही. रस्त्याला सांगत होते.

मी छत्री दिली. “हो का?” म्हणालो, आणि आत गेलो. विचारतील तेव्हा सांगू. कोण स्कूटरवाला ते तेव्हा कळेल. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला फार बरं वाटलं होतं.

त्यांनी विचारलं नाही. मला सोडून सगळ्यांना विचारलं. न्हाव्याला विचारलं, बँकेच्या पहारेकऱ्याला विचारलं, खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं ज्याच्याकडे आयुष्यात सायकलसुद्धा नव्हती. सगळ्यांचं मत पडलं की कार्बोरेटर गेला. तेव्हापासून गाडी झाकणाखाली उभी राहिली ती राहिलीच, कारण आता एक प्रश्न निर्माण झाला होता: बदली कार्बोरेटर नवा घ्यायचा की वापरलेला?

सामान्य माणूस याचं उत्तर एका दुपारी देतो. भाऊजींनी वही उघडली. मधोमध रेघ, डावीकडे ‘नवा’, उजवीकडे ‘वापरलेला’. नवा म्हणजे आता कुणीतरी जुन्याची नक्कल करून बनवलेला; दिसायला चकचकीत, पण मूळ नव्हे. वापरलेला म्हणजे भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचा. मूळ, पण कुणी कसा वापरला कोण जाणे. नव्याला इतिहास नाही म्हणून भरवसा नाही आणि जुन्याला इतिहास आहे म्हणून भरवसा नाही. दर आठवड्याला दोन्ही बाजूंना एकेक ओळ वाढायची. मुलीसाठी नवरा बघतानासुद्धा लोक इतकं बघत नाहीत, आणि बघत असते तर भाऊजी अजून बिनलग्नाचे राहिले असते.

शेवटी त्यांनी काय करावं? दोन्ही आणले. नवाही आणला आणि वापरलेलाही, आणि दोन्ही खोक्यांवर चिकटपट्टीचे पाच-पाच वेढे मारून कपाटात ठेवून दिले. आता कोणता उघडायचा, हा प्रश्न उरला.

तेवढ्यात ताईची निवृत्ती जवळ आली. अकरा महिने आधी तिने जेवताना सांगितलं होतं, “शाळेच्या शेवटच्या दिवशी मी बाबांची गाडी घेऊन जाणार. मी चालवणार.” ताई हट्ट करत नाही. तीस वर्षांत तिने या घरात मागितलेली ही एकच गोष्ट. शाळेतही तिने सांगून टाकलं, आणि मुख्याध्यापिकांनी फाटकासमोरची जागा तिच्यासाठी राखून ठेवायचं कबूल केलं. भाऊजी म्हणाले, “बघू. कार्बोरेटरचं एकदा ठरू दे.” अकरा महिने त्यांनी हे घोंगडं भिजत ठेवलं. ताई दर महिन्याला विचारायची, ते दर महिन्याला वही दाखवायचे.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी ताईचा मला फोन आला.

“उद्या माझा शेवटचा दिवस आहे.”

“माहितीये.”

“मग येतोस का?” तिचा आवाज नेहमीचाच होता. “त्यांनी तुला विचारलं नाही हे मला माहितीये. मी विचारतेय.”

मी पान्यांची पिशवी उचलली आणि गेलो. भाऊजी वही घेऊन गाडीपाशी हजरच होते. दोन्ही खोकी त्यांनी बॉनेटवर शेजारी शेजारी मांडली होती. मी त्यांच्याकडे न बघता खोकी खाली ठेवली, बॉनेट उघडलं आणि जुना कार्बोरेटर उतरवला. दोन्ही नट सुटायला मला पान्यावर अंगाचा भार टाकावा लागला. मग कार्बोरेटर पालथा केला, त्याच्या बुडावर पोलादी पट्टी उभी धरली आणि ताईला बोलावलं. पट्टी दोन्ही कानांवर टेकली होती आणि मधून उजेड येत होता. चिमूटभर नव्हे, चांगला दिसेल एवढा.

“ना नवा, ना वापरलेला,” मी म्हणालो. “आहे तोच चांगला आहे. फक्त आवळून वाकवलाय.”

“कुणी?” भाऊजींनी विचारलं. खरंच विचारलं.

ताईने खिडकीची एक सुटी काच आणून दिली. तिच्यावर पॉलिश पेपर पसरून मी तासभर ते बूड घासलं, उजेड बंद होईपर्यंत. कान थोडे पातळ झाले, पण हात बरा असेल तर आणखी वीस वर्षं पुरले असते. नवं पॅकिंग घातलं, दोन बोटं, पाव फेरा. दिवस मावळायच्या आत गाडी चालू झाली आणि अशी शांत चालली की टपावर ठेवलेल्या कपातला चहा हलला नाही. भाऊजी वहीत बघत होते. त्यांना आपला अपमान झाल्यासारखा वाटत होता, कारण उत्तर दोन्ही रकान्यांत नव्हतं.

“तुला कळलं कधी?” ताईने विचारलं.

मला वाटलं ती माझं कौतुक करायला विचारतेय. मी छाती काढून सांगितलं, “दोन वर्षांपूर्वीच. छत्रीच्या दिवशी. नुसत्या आवाजावरून.”

ताईने टपावरचा कप उचलला, कपाखालचा ओला गोल पदराने पुसला आणि आत गेली. मला वाटलं थकली असेल.

निघताना मी भाऊजींना तीन वेळा बजावलं. “नटांना हात लावायचा नाही. समजलं? बघायचंसुद्धा नाही.” ते हो म्हणाले. तीन वेळा हो म्हणाले.

सकाळी साडेसातला मी पोचलो. ताई इस्त्रीचे निळे कपडे घालून पायरीवर उभी होती, हातात पर्स. आठ चाळीसला शाळेत पोचायचं होतं. बॉनेट उघडं होतं. भाऊजींची पाठ दिसत होती आणि उजवं कोपर हळूहळू फिरत होतं. मी ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात आवाज आला. मोठा नाही. पेन्सिलीचं टोक मोडावं तेवढाच.

भाऊजी वळले. त्यांच्या एका हातात पाना होता आणि दुसऱ्या हातात कार्बोरेटरचा कान.

“वाटेत सैल झाला असता तर?” ते म्हणाले. “मी फक्त एकदा बघत होतो.”

या माणसाबद्दल मला जे काही वाटत आलं होतं ते सगळं एकदम जिभेवर आलं. पण बोलायला वेळ नव्हता, आणि भाऊजींनी त्याच क्षणी असं काही केलं की मी बोलायचंच विसरलो. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं. कपाटातून दोन्ही खोकी आणून माझ्यापुढे धरली.

“कोणता रे? तू सांग. नवा की वापरलेला?”

ज्या दिवसाची मी वाट पाहिली तो हा. मी घसा साफ केला. सांगितलं की नक्कल केलेल्या मालाचं ओतीव काम कसं असतं, जेट कसे मापाचे नसतात. भाऊजी म्हणाले, पण वापरलेल्याचा आतला दांडा, तो स्पिंडल, झिजलेला असतो असं बँकेचा पहारेकरी म्हणत होता. मी म्हणालो, स्पिंडल किती झिजलाय यावर आहे ते, आणि पहारेकऱ्याला काय कळतं. भाऊजींनी वही काढली. बाराव्या पानावर हाच मुद्दा होता. मी म्हणालो, बारावं पान चूक आहे. ते म्हणाले, कसं चूक आहे ते सांग. मी सांगायला लागलो. मला सांगताना मजा येत होती, हे कबूल केलं पाहिजे.

मध्येच चिकटपट्टी फाटल्याचा आवाज आला. ताईने कात्री आणून दोन्ही खोकी उघडली होती. तिने नवा कार्बोरेटर उचलला, पालथा धरला, पेट्रोलच्या नळीला ओठ लावून फुंकर मारली. हवा सरळ पार गेली; सूं झालेलं मलाही ऐकू आलं. तो तिने खाली ठेवला. वापरलेला उचलला, पालथा केला, फुंकला. तिचे गाल फुगले आणि फुगलेलेच राहिले. हवा अडली होती.

“हा,” ती म्हणाली.

दोन वर्षांची वही आणि माझं अर्ध्यावर आलेलं व्याख्यान, सगळं तिथेच संपलं. तिने भाऊजींच्या हातातून पाना घेतला. मोडका कार्बोरेटर उतरवला, पॅकिंग फाटलं नाही ना हे पाहिलं, नवं म्हणून आणलेलं यंत्र पायाने बाजूला सारून वापरलेला जागेवर बसवला. नळी जोडली, तार अडकवली. नट आधी बोटांनी फिरवले, मग पान्याला दोन बोटं लावली, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. पाव फेरा.

“पुरे,” ती म्हणाली, अगदी बाबांसारखं.

मग तिने पाना पुसला आणि पर्समध्ये टाकला. पर्सची चेन लावली. नुसता हात पुढे केला, आणि भाऊजींनी खिशातून किल्ली काढून त्या हातावर ठेवली. तिसऱ्या फिरकीला गाडी चालू झाली. जरा खोकली, मग ताईने चोक थोडा आत ढकलला आणि आवाज एका पातळीवर येऊन थांबला.

भाऊजी पुढच्या दाराशी गेले. मी मागच्या. दोन्ही दारं आतून बंद होती. ताईने खिडकीची काच बोटभर खाली केली.

“तुम्ही दोघं बसने या,” ती म्हणाली.

“अगं, पण वाटेत बंद पडली तर?” भाऊजी म्हणाले.

“ताई, मी तरी बरोबर हवा,” मी म्हणालो.

ती आधी त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. रागाने नाही. मुलांनी सांडून ठेवलेल्याकडे बघावं तसं.

“दोन वर्षं गाडी माझ्या दारात उभी होती,” ती म्हणाली. “यांना ठरवता येत नव्हतं. आणि तुला माहीत असून तोंड उघडायचं नव्हतं. रोज मी या गाडीच्या बाजूने बसस्टॉपला चालत जात होते. तुम्हा दोघांपैकी एकाला तरी मी दिसले का?”

काच वर गेली. गाडी फाटकातून निघाली, कोपऱ्यावर जराशी थांबली, ताईच्या बाजूच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, आणि ती सुबकपणे वळली. आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता. कुठेही फुसफुस नव्हती.

तुम्हा दोघांपैकी. तीस वर्षं मी या माणसाला हसत आलो. माझ्या दुकानात त्यांच्या नकला करून दाखवतो, आणि लोक पोट धरून हसतात. आणि जिच्यासाठी म्हणून मी हे सगळं करत होतो, तिने मला उचलून त्यांच्याच शेजारी बसवलं होतं. चूक काढावी म्हटलं तर ताईच्या बोलण्यात चूक सापडत नव्हती.

भाऊजींच्या मुठीत अजून तो मोडका कान होता. आम्ही बसस्टॉपकडे चालायला लागलो.

“वापरलेला टिकेल ना रे?” थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले. “तुला काय वाटतं?”

माझ्याकडे त्याचं सविस्तर उत्तर तयार होतं. मी ते गिळलं आणि समोरून येणाऱ्या बसचा नंबर बघायला लागलो.